वाचकांचे प्रश्न: सरकारी धान्यसाठा आणि जागतिक व्यापाराचे नियम

प्रश्न: सरकारने गरिबांसाठी ठरलेल्या भावाने धान्य विकत घेतले, तर जागतिक व्यापार संघटनेत त्यावर आक्षेप का येतो? साठा करायला बंदी आहे का?

उत्तर: साठा करायला बंदी नाही. चालू बाजारभावाने खरेदी केली आणि त्या दर्जाच्या धान्याच्या देशांतर्गत बाजारभावापेक्षा कमी दराने ते विकले नाही, तर साठ्याचा खर्च 'ग्रीन बॉक्स'मध्ये, म्हणजे मर्यादा नसलेल्या अनुदानांच्या गटात, बसतो. गरिबांना सवलतीच्या दराने धान्य वाटण्याची मुभा विकसनशील देशांना वेगळी दिलेली आहे. अडचण येते ती सरकार भाव आधी जाहीर करून खरेदी करते तेव्हा. मग अनुदान मोजले जाते ते असे: जाहीर भावातून संदर्भ किंमत (तुलनेसाठी धरलेली आंतरराष्ट्रीय व्यापारातील किंमत) वजा करायची आणि आलेल्या फरकाला 'पात्र' उत्पादनाने गुणायचे. ही संदर्भ किंमत मूळ सदस्यांसाठी १९८६ ते १९८८ ची सरासरी आहे आणि ती तिथेच गोठलेली आहे.

आकडे मांडून पाहा. संदर्भ किंमत १००, जाहीर भाव २५०, बाजारभावही २५०. एकूण पीक १० लाख क्विंटल, सरकारची खरेदी १ लाख. फरक १५० चा. केवळ खरेदी धरली तर अनुदान दीड कोटी, सगळे पीक धरले तर १५ कोटी. पिकाचे मूल्य २५ कोटी, आणि विकसनशील देशांना साधारणपणे त्याच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे अडीच कोटींपर्यंत सूट. पहिला हिशेब ६ टक्क्यांवर थांबतो, दुसरा ६० वर जातो. शेतकऱ्याला मात्र बाजारापेक्षा छदामही जास्त मिळालेला नाही!

'पात्र' म्हणजे प्रत्यक्ष विकत घेतलेले नव्हे, तर खरेदीस पात्र असलेले, असा अर्थ दक्षिण कोरियाच्या गोमांस प्रकरणात संघटनेच्या अपील मंडळाने लावला. म्हणून खरेदीची कमाल मर्यादा हंगामाआधी लेखी जाहीर करणे महत्त्वाचे. मर्यादा नसली की सगळे पीक हिशेबात ओढले जाते. महागाई अवाजवी असेल तर तिचा विचार व्हावा, असे संघटनेच्या शेती कराराचे कलम १८.४ म्हणते खरे, पण किती आणि कसा ते सांगत नाही.

यावरचा तात्पुरता तोडगा म्हणजे संघटनेच्या २०१३ च्या बाली परिषदेतला 'पीस क्लॉज': सरकारी साठ्यामुळे अनुदानाची मर्यादा ओलांडली तरी त्याविरुद्ध तक्रार लढवायची नाही. कायमचा तोडगा निघेपर्यंत तो लागू राहील, असे २०१४ मध्ये ठरले. पण तो ७ डिसेंबर २०१३ रोजी चालू असलेल्या योजनांनाच, आणि तेही पारंपरिक मुख्य अन्नपिकांपुरताच मिळतो. अनुदानाची मर्यादा ओलांडल्याची किंवा ओलांडण्याचा धोका असल्याची सूचना द्यावी लागते, आकडेवारी अद्ययावत ठेवावी लागते. योजना नवी असेल तर हे छत्र नाही. त्याचा आधार पहिल्यांदा घेतला तो भारताने, २०१८-१९ च्या तांदळासाठी.

प्रश्न: शाश्वत शेतीकडे वळणाऱ्यांना अनुदान दिले तर चालते का?

उत्तर: चालते, पण रक्कम मोजून द्यावी लागते. पर्यावरण योजना स्पष्ट आखलेली हवी, आणि पैसे तिच्या अटी पाळल्यामुळे झालेला जादा खर्च किंवा बुडालेले उत्पन्न यापेक्षा जास्त देता येत नाहीत. म्हणजे तोटा भरून निघतो, वर बक्षीस मिळत नाही. केवळ याच आधारावर पद्धत बदलायला शेतकरी तयार होत नाहीत, आणि यात नवल नाही. विकसनशील देशांना कलम ६.२ ची वाट अधिक सोयीची: शेतीतील गुंतवणुकीसाठी सर्वांना खुले असलेले अनुदान, तसेच अल्प उत्पन्नाच्या किंवा साधनहीन शेतकऱ्यांना बियाणे-खतासाठी दिलेले अनुदान, मर्यादेत धरले जात नाही.

प्रश्न: टंचाईत निर्यात थांबवता येते?

उत्तर: तात्पुरती, होय. आधी लेखी सूचना द्यायची आणि आयातदार देशाने मागितल्यास चर्चा करायची. विकसनशील देशाला ही अट तो त्या धान्याचा निव्वळ निर्यातदार असेल तरच. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मानवतावादी खरेदीवर मात्र बंदी लावायची नाही, असे जून २०२२ मध्ये ठरले आहे. देशातली अन्नसुरक्षा राखण्याची उपाययोजना करण्याची मुभा तरी त्यात राखून ठेवलेली आहे.