बहिणीच्या मुलाचं दुर्बिणीनं झालं, मग यांचं पोट का उघडलं?

अपेंडिक्सच्या पेशंटचे नातेवाईक माझ्याकडे येतात ते बहुतेक एकच सल घेऊन. अमक्याचं ऑपरेशन दुर्बिणीनं, म्हणजे पोट न उघडता छोट्या छेदांतून झालं, तो लगेच कामाला लागला, मग आमच्या माणसाचं एवढं का लांबलं? कोपरखैरण्याच्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

त्यांचे मालक तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. बेंबीपाशी दुखायला लागलं तेव्हा गॅस समजून गोळी घेतली आणि गोण्या वाहत राहिले. दुखणं उजवीकडे खाली सरकलं, मग एकाएकी कमी झालं. घरच्यांना हायसं वाटलं. पण रात्री थंडी वाजून ताप भरला, पोट फळीसारखं कडक झालं. अपेंडिक्स फुटलं होतं. सर्जननी दुर्बीण घालून पाहिलं तर आत पू पसरलेला, आतडी एकमेकांना चिकटलेली. म्हणून पोट उघडावं लागलं.

"दुर्बिणीचं सांगितलं आन् शेवटी फाडलंच की वो मॅडम. बहिणीच्या पोराचं वाशीला झालं, दुसऱ्या दिवशी घरी, आता ऐरोलीला हापिसात जातोय. आमचं मालक अजून नळी लावून पडल्यात. पैसं कमी पडलं म्हणून असं केलं का?"

बाकी सगळं बाजूला ठेवून मी आधी या शेवटच्या प्रश्नाला हात घातला, कारण रात्रीची झोप त्यानंच उडवली होती. सर्जनना बोलावून ऑपरेशनची नोंद त्यांच्यासमोर वाचून घेतली. पोट उघडायचं ठरलं ते टेबलावर, आत दिसलं त्यावरून. पैशांशी त्याचा संबंध नव्हता. दुर्बिणीतून नीट दिसत नसताना तसंच रेटणं धोक्याचं असतं. अशा वेळी पोट उघडणाऱ्या सर्जनला मी तरी हरलेला म्हणणार नाही.

दुर्बिणीचे फायदे खरे आहेत, ते मी नाकारले नाहीत. बोटभरही नसलेल्या दोन-तीन छेदांतून काम होतं, दुखणं कमी राहतं, जखम चिघळण्याचं प्रमाणही कमी. पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा एक-दोन दिवस दुखतो, एवढंच. अपेंडिक्स फुटलेलं नसेल तर बरेच जण दुसऱ्या दिवशी घरी जातात आणि बैठं काम एक-दोन आठवड्यांत सुरू करतात. भाच्याचं अपेंडिक्स नुसतं सुजलेलं होतं. मालकांचं फुटून पोटात घाण झाली होती. दुर्बिणीनंच पूर्ण झालं असतं तरी सलाईनमधून अँटिबायोटिक, पू काढायची नळी आणि काही दिवस मंदावलेली आतडी यांतून त्यांची सुटका नव्हती. चिऱ्यामुळे जखमेचं दुखणं वाढलं, वजन उचलणं लांबलं. आजार मोठा होता तो मात्र आतला.

मालकांची काळजी वेगळीच होती. जखमेवर हात ठेवून, खाली बघत त्यांनी विचारलं, "गोणी पन्नास किलोची असते. टाकं तुटतील का?" वरची कातडी लवकर जुळते, आतला थर ताकद धरायला आठवडे घेतो. त्याआधी जड ओझं उचललं तर तिथे हर्निया होऊ शकतो, म्हणजे कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर फुगतो. सर्जननी सहा आठवडे वजन उचलायला मनाई लिहून दिली. चालायला मात्र लगेच सांगितलं; खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. पुन्हा ताप आला, पोट फुगलं, उलट्या लागल्या किंवा जखमेतून पाणी आलं तर लगेच यायचं, हे मी ताईंकडून दोनदा म्हणवून घेतलं. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर पोटात पुन्हा पू साठू शकतो, आणि तो बऱ्याचदा घरी गेल्यावरच कळतो.

सहा आठवड्यांनी ते तपासणीला आले. सर्जननी खोकायला लावून जखमेवर बोटं ठेवली, कुठेही फुगवटा नव्हता. काम सुरू करायला परवानगी मिळाली, पण सुरुवातीला हलकं ओझं. मुकादमाला दाखवायला ते चिठ्ठीवर लिहून द्या, असं ताईंनीच सांगितलं.