स्टार ट्रेक की स्टार वॉर्स: कुणाचा ठसा जास्त टिकाऊ?

अंतराळातल्या कथांच्या या दोन अमेरिकन मालिकांपैकी संस्कृतीवर कुणाचा परिणाम जास्त टिकला, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर स्टार ट्रेक. आणि हे मी सांगलीतून लिहितोय, जिथे स्टार वॉर्सच्या खलनायकाचा, डार्थ व्हेडरचा मुखवटा शाळकरी पोरंही ओळखतात, पण स्टार ट्रेकचा नायक कॅप्टन कर्क याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं.

स्टार वॉर्सची पोच अफाट आहे, यात वादच नाही. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात संकटातली राजकन्या आहे, जुलमी साम्राज्य आहे, एकांतात राहणारा वृद्ध गुरू आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगवलं, तिथल्या प्रेक्षकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. खेळण्यांचा बाजार आणि पडद्यावरची करामत तर स्टार वॉर्सने कायमची बदलून टाकली.

स्टार ट्रेकचं काम वेगळ्या जागी झालं. मूळ मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षं चालली, ७९ भागांत आटोपली. पण शीतयुद्ध ऐन भरात असताना मालिकेतल्या ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानावर रशियन चेकॉव्ह, जपानी वंशाचा सुलू आणि कृष्णवर्णीय उहुरा अधिकारी म्हणून शेजारी शेजारी बसत होते. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत म्हणून नासासाठी प्रचार केला. उहुराला पाहत वाढलेल्या मे जेमिसन १९९२ मध्ये खरोखर अंतराळात गेल्या, तिथे पोहोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. नासाच्या पहिल्या स्पेस शटलला (पुन्हा वापरता येणाऱ्या यानाला) १९७६ मध्ये ‘एंटरप्राइज’ हेच नाव मिळालं तेही चाहत्यांनी पाठवलेल्या पत्रांच्या ढिगामुळे. चित्रपटाने चित्रपट बदलणं मोठंच, पण एखाद्या मालिकेमुळे कुणाला आपलाही अर्ज चालेल असं वाटणं मला त्याहून मोठं वाटतं.

बाकी चाहते भांडतात तितकं हे वैर खरं नाही. स्टार ट्रेकच्या १९८२ च्या चित्रपटातलं संगणकावर घडवलेलं गाजलेलं दृश्य स्टार वॉर्सवाल्या लुकासफिल्मच्याच संगणक विभागाने केलं होतं. तोच विभाग १९८६ मध्ये वेगळा होऊन पिक्सार ही ॲनिमेशन कंपनी बनला.

मी इथे अभियांत्रिकी शिकवतो. जेमिसन यांनी आधी केमिकल इंजिनीअरिंग केलं, मग त्या डॉक्टर झाल्या, हे वर्गात सांगितलं की मालिकेचा एकही भाग न पाहिलेल्या मुली तास संपल्यावर थांबतात आणि अंतराळवीर व्हायला कोणती पदवी चालते ते विचारतात.