नेमसर्व्हर तपासताना एनएसलुकअपशी संवाद

एनएसलुकअप (nslookup) ही नेमसर्व्हरना, म्हणजे डोमेन नावांच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरना, प्रश्न विचारणारी आज्ञा पुढे काहीही न लिहिता द्यावी, म्हणजे कंसासारखे टोकदार चिन्ह दिसते आणि एकामागून एक प्रश्न विचारता येतात. आरंभी ‘सेट टाइप=एनएस’ देऊन डोमेनचे नेमसर्व्हर पाहावेत, मग ‘सर्व्हर’ या आज्ञेने त्यांतील प्रत्येकाकडे वळून ‘सेट टाइप=एसओए’ने मिळणारा, नोंदी बदलल्या की वाढणारा अनुक्रमांक ताडावा; एखाद्याकडे जुना, लहान क्रमांक दिसला, तर नवी नोंद तिथे बहुधा अजून पोहोचलेली नाही. ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ या ओळीला घाबरू नका. उत्तर मूळ सर्व्हरकडून थेट न येता बहुधा साठवणीतून आले, एवढाच तिचा अर्थ आहे. नावाच्या शेवटी पूर्णविराम मात्र आवर्जून द्यावा, अन्यथा तुमच्या जाळ्याचा स्थानिक प्रत्यय त्याला जोडला जाऊ शकतो. या एका टिंबापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली आहे.