न उघडणारा झगा

शोकात असलेल्या माणसांशी बोलणे हे माझे काम. त्यात गेल्या काही वर्षांत एक काळजी मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटू लागले. घरातील कोणी गेलेले असते आणि मागे राहिलेले माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहत किंवा ऐकत असते. कधी तो मोबाइलमध्ये राहून गेलेला आवाज असतो, कधी लग्नाची चित्रफीत, कधी एखादा संथ, उदास चित्रपट. घरचे विचारतात, “यामुळे ते दुःखात आणखी रुतत जाणार नाहीत ना? हे बंद करायला लावू का?” या प्रश्नामागे प्रेम असते, पण दुःखाची मुदत आता संपायला हवी अशी एक घाईही असते.

एका सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त अभियंत्यांना त्यांची मुलगी माझ्याकडे घेऊन आली, तेव्हा तिचा प्रश्न हाच होता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात महिन्यांतील भेटी मी इथे मोजक्या संवादांत आणल्या आहेत. “आईचं वर्षश्राद्ध होऊन दोन महिने झाले,” ती म्हणाली, “बाबा दर रविवारी दुपारी पडदे ओढून तोच रशियन चित्रपट लावतात. मी शेजारी बसले तरी बोलत नाहीत.” त्या चित्रपटात काय आहे, असे मी विचारले. तिने तो कधी पाहिला नव्हता.

तो चित्रपट म्हणजे आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा 1972 सालचा ‘सोलारिस’. स्तानिस्वाव लेम यांच्या 1961 सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. क्रिस केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ एका दूरच्या ग्रहावरील अवकाशस्थानकात जातो. त्या ग्रहावरचा महासागर माणसांच्या मनातले वाचतो आणि त्यातून माणसे घडवून त्यांच्याकडे पाठवतो. केल्विनकडे त्याची पत्नी हरी येते, जिने दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली असते. पावणेतीन तासांच्या या चित्रपटात घाई कुठेच नाही. टोकियोच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या मोटारीचे एक दृश्यच सुमारे पाच मिनिटे चालते. या संथपणाचा अनेकांना कंटाळा येतो, पण शोकात असलेल्या माणसाला तो आपल्या दिवसासारखा वाटतो, कारण त्याच्याही घड्याळाचे काटे तसेच सरकत असतात.

पहिल्या भेटीत ते मला म्हणाले, “मॅडम, मला वेड लागलेलं नाही. ही परत येणार नाही, हे मला कळतं. पण त्या चित्रपटात ती निदान येते तरी.”

मी त्यांना चित्रपट बंद करायला सांगितले नाही. तो चित्रपट ते संपूर्ण पाहतात का, एवढेच विचारले. “नाही. दोघं तरंगतात ना, तिथे थांबवतो.” स्थानकात काही क्षण गुरुत्वाकर्षण नाहीसे होते, जर्मन संगीतकार बाखचे संगीत सुरू होते आणि क्रिस व हरी एकमेकांना बिलगून हवेत तरंगतात, ते हे दृश्य. त्यापुढे हरी द्रवरूप ऑक्सिजन पिऊन पुन्हा मरू पाहते आणि अखेरीस आपले अस्तित्व संपवून घेऊन फक्त एक पत्र मागे ठेवते. तो भाग त्यांना पाहवत नसावा, असा अंदाज मी केला. तो पुरता चुकीचा नव्हता, पण अपुरा होता.

त्या आठवड्यात मी स्वतः दोन रात्रींत तो चित्रपट पाहिला. समोरचे माणूस ज्या जागी जाऊन बसते, तिथे आपणही जाऊन बसावे, ही सवय मी इतक्या वर्षांत मोडलेली नाही. एका छोट्या दृश्याशी मी अडखळले. हरीला झगा उतरवायचा असतो. त्याच्या पाठीवर बंद दिसतात, पण त्यांच्याखाली झगा उघडण्याची जागाच नसते, आणि क्रिसला तो कात्रीने कापावा लागतो. महासागराने हरी घडवली ती क्रिसच्या आठवणीतून. तो झगा कसा उघडतो, हे त्या आठवणीत नव्हतेच.

पुढच्या भेटीत मी त्यांना विचारले, “तुमच्या आठवणीतून काकू घडवल्या, तर त्यांच्यात काय राहून जाईल?”

ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मीही तो वेळ भरून काढला नाही. मग ते म्हणाले, “तीस वर्षांपूर्वी हा चित्रपट आम्ही दोघांनी पाहिला होता. संपल्यावर हिनं मला काहीतरी विचारलं. मी म्हणालो, तुला नाही कळायचं. तिनं पुन्हा विचारलं नाही. काय विचारलं होतं, ते मला आठवत नाही.” थोड्या वेळाने त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले: “संपल्यावर विचारलं होतं ना. म्हणून मी संपूच देत नाही.”

माझ्या कामात असे क्षण फार येत नाहीत, आणि आले की ते आपण घडवले असे म्हणण्याचा मोह आवरावा लागतो. मी फक्त प्रश्न योग्य जागी ठेवला होता. ज्याला घरचे दुःखात रुतणे म्हणत होते, तो खरे तर एका हरवलेल्या वाक्याचा शोध होता.

शोक म्हणजे गेलेल्या माणसाशी असलेला धागा हळूहळू सोडवणे, अशी मांडणी मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी 1917 साली केली, आणि आपल्या बोलण्यात ती “आता सोडून द्या” या रूपाने अजून टिकून आहे. पण 1920 साली मुलगी सोफी गेल्यावर नऊ वर्षांनी, तिच्या जन्मदिनी, त्यांनीच एका मित्राला लिहिले की अशा हानीनंतर आपण सांत्वनापलीकडेच राहतो. मी शिकले आणि अनुभवाने मानत आले ते असे की नाते तुटत नाही, ते दुसऱ्या रूपात चालू राहते. आपल्याकडे पितृपक्षात गेलेल्यांना दरवर्षी पानावर बोलावून आदराने निरोप देतात, त्यातही हीच जाण आहे असे मला वाटते. मात्र नाते चालू राहायचे तर ते एकट्याच्या आठवणीवर जगू शकत नाही. आपण जेवढे पाहिले तेवढेच आपल्याला आठवते, म्हणून उरलेले इतरांकडून मागून आणावे लागते.

म्हणूनच, घरच्यांनी चित्रपट किंवा फोनमधला आवाज काढून घेऊ नये. शेजारी बसावे आणि “पुन्हा तेच?” असे न म्हणता “इथे काय आठवतं?” असे विचारावे. चित्रपट औषध म्हणूनही देऊ नये. एका ओळखीच्या बाईंना, मूल गेल्यानंतर महिन्याभरातच, कुणीतरी चांगल्या हेतूने 2016 सालचा ‘अरायव्हल’ पाहायला लावला. आपली मुलगी लहान वयातच जाणार हे आधी कळूनही तिला जन्म देणाऱ्या आईची ती गोष्ट त्यांना त्या वेळी सोसवली नाही. मात्र झोप, जेवण आणि माणसे महिनोन्‌महिने दूर सारली जात असतील, वर्ष उलटूनही तीव्रता तसूभर कमी होत नसेल, किंवा जगण्याची इच्छा नाही असे शब्द कानावर येत असतील, तर तज्ज्ञांची भेट लांबवू नये. शेवटच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये; मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक यासाठीच आहे.

काकूंबद्दल मागून आणायला मी त्यांना सांगितले, तेव्हा ते सांगलीला मोठ्या मेहुणीकडे चार दिवस राहून आले. तिथे त्यांना कळले की लग्नाआधी काकू वडिलांच्या नकळत मॅटिनीला जात आणि रात्री दिवा मालवल्यावर बहिणीला अख्खा चित्रपट संवादांसकट सांगत. “चाळीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं,” ते म्हणाले, आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडले. त्यांना आवरावे असे मला वाटले नाही.

तो प्रश्न त्यांना आजही आठवलेला नाही. मात्र एका रविवारी त्यांनी मुलीला बोलावून चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. अखेरीस क्रिस वडिलांच्या घरी पोचतो, घराच्या आत पाऊस पडत असतो, आणि दृश्य वर उचलले जाते तेव्हा ते घर महासागरातील एका बेटावर असल्याचे दिसते. “बाबा, मग हा घरी पोचला की नाही?” तिने विचारले.

“मला नक्की सांगता येत नाही,” ते म्हणाले, “तुला काय वाटतं, ते सांग.”