वीज आली, पण सर्व्हर उठेना: इमर्जन्सी मोड आणि हरवलेला एमडी०

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दादरच्या ऑफिसात डेबियन १२ चा असेंबल्ड सर्व्हर आहे. सिस्टीम एसएसडीवर, आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा; या जोडीला अ‍ॅरे म्हणतात आणि इथे तिचं नाव एमडी०. त्यावर टॅलीचा डेटा आणि क्लायंटची कागदपत्रं, सांबाने (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) शेअर केलेली. वीज गेली, तासाभराने आली, आणि तेव्हापासून मशीन चालू होताना दीड मिनिट अडकतं, 'डिपेंडन्सी फेल्ड' म्हणतं आणि 'रूट अकाउंट इज लॉक्ड' दाखवून तिथेच बसतं. त्याआधी वर्षभर ते एकदाही रीस्टार्ट झालं नव्हतं. आणि कोणीतरी 'एमडीअ‍ॅडम --क्रिएट' मारून रेड नव्याने बांधा असं सुचवलंय (एमडीअ‍ॅडम म्हणजे रेड सांभाळणारं साधन).

ते शेवटचं अजिबात करू नका. 'क्रिएट' डिस्कवर नवा सुपरब्लॉक, म्हणजे अ‍ॅरेची ओळख सांगणारी नोंद, लिहितो. मूळ अ‍ॅरे ज्या मेटाडेटा आवृत्तीने आणि ज्या डेटा ऑफसेटने बांधला होता त्यात जराही फरक पडला, तर डेटा कुठून सुरू होतो तेच बदलतं. वर लगेच रीसिंक सुरू होऊन एक डिस्क दुसरीवर उतरवली जाते, आणि कोणती कोणावर हे तुमच्या हातात राहत नाही. शिळ्या डिस्कने ताजी पुसली की संपलं. तुम्हाला हवंय ते 'असेंबल', म्हणजे आहे तेच पुन्हा जोडणं.

(आज्ञा इथे देवनागरीत दिल्यात. टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या; मोठं अक्षर लागेल तिथे तसं लिहिलंय. सगळ्या रूट म्हणून किंवा आधी सुडो लावून.)

लक्षणं जुळवली तर वीज हा खरा गुन्हेगार वाटत नाही. दीड मिनिट म्हणजे ९० सेकंद, ही सिस्टीमडीची (मशीन चालू होताना सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) डिव्हाइससाठी थांबायची डीफॉल्ट मुदत. तुमच्या एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, याची यादी) /डेव्ह/एमडी० लिहिलेलं आहे, आणि त्या नावाचं काही ९० सेकंदांत उगवत नाही. मग ते माउंट फसतं, त्यावर अवलंबून असलेलं 'लोकल-एफएस' टार्गेट फसतं आणि सिस्टीमडी थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाते. अ‍ॅरे बांधून झाल्यावर एमडीअ‍ॅडमची कॉन्फिग आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टीम, तिच्यात या कॉन्फिगची प्रत असते) अपडेट करायचं राहून गेलं असावं. मशीन चालू होतं तोवर चुकीची कॉन्फिग कोणी वाचलीच नाही. पहिल्या खऱ्या रीबूटला ती वाचली गेली, एवढंच.

पहिलं काम मशीन उठवणं. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की रूट लॉक राहतो, म्हणून इमर्जन्सीत शेल मिळत नाही. मशीन चालू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत डेबियनच्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून हे लिहा:

इनिट=/बिन/बॅश

कंट्रोल-एक्स दाबा. थोड्या वेळात थेट रूटचा प्रॉम्प्ट येईल. या अवस्थेत रूट फाइल सिस्टीम फक्त वाचता येते, म्हणून:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
नॅनो /ईटीसी/एफएसटॅब

एमडी० च्या ओळीच्या सुरुवातीला # टाका, सेव्ह करा, मग 'सिंक', आणि 'रीबूट -एफ -एफ'. एफ दोनदाच, कारण इथे सिस्टीमडी चालू नाही आणि साधा रीबूट तिलाच शोधत बसेल. आता मशीन डेटाशिवाय का होईना पण नीट उठेल, नेटवर्क येईल, आणि पुढचं काम मॉनिटरसमोर ताटकळत उभं न राहता एसएसएचवरून करता येईल.

आता खरी स्थिती बघा:

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट
एलएसबीएलके -एफ

बहुतेक असं काहीतरी दिसेल: 'एमडी१२७ : इनअ‍ॅक्टिव्ह एसडीबी१[०](एस)'. तो कंसातला 'एस' पाहून डिस्क स्पेअर झाली असं समजून लोक घाबरतात. तसं नाही. अ‍ॅरे इनअ‍ॅक्टिव्ह असतो तेव्हा त्यातल्या सगळ्याच डिस्कपुढे 'एस' दिसतो. आणि १२७ हा आकडा म्हणजे अ‍ॅरे सापडला, पण आपला म्हणून ओळखला गेला नाही: एकतर कॉन्फिगमध्ये त्याची ओळ नाही, नाहीतर मधल्या काळात मशीनचं होस्टनेम बदललंय. सुपरब्लॉकमध्ये जुनं होस्टनेम नावासोबत कोरलेलं असतं. ते जुळलं नाही की एमडीअ‍ॅडम अ‍ॅरेला परका धरतो आणि १२७ पासून खाली नंबर देत सुटतो.

दोन्ही डिस्क दिसतायत का? दिसत असतील तर दोन्हींवर हे चालवा:

एमडीअ‍ॅडम --एक्झामिन /डेव्ह/एसडीबी१
एमडीअ‍ॅडम --एक्झामिन /डेव्ह/एसडीसी१

यात दोन ओळी महत्त्वाच्या: 'अपडेट टाइम' आणि 'इव्हेंट्स' (अ‍ॅरेतल्या बदलांबरोबर वाढत जाणारा आकडा). दोन्हींचे इव्हेंट्स सारखे किंवा दोन-चारने इकडेतिकडे असतील तर नशीब चांगलं. एकीचा आकडा हजारोंनी मागे असेल आणि तारीख महिन्यांपूर्वीची असेल, तर ती डिस्क तेव्हाच अ‍ॅरेतून गळली होती आणि तुम्ही इतके दिवस एकाच डिस्कवर चालत होतात. असं नेहमी घडतं, कारण एमडीअ‍ॅडमची इशाऱ्याची मेल रूटच्या मेलबॉक्समध्ये जाते आणि तो कोणीच उघडत नाही. कॉन्फिगमधल्या 'मेलअ‍ॅडर' ओळीत असा पत्ता द्या जो कोणीतरी खरंच वाचतं, आणि सर्व्हरवरून बाहेर मेल जाते का तेही तपासा.

मागे पडलेली डिस्क लगेच जोडू नका. उलट मशीन बंद करून तिची केबल काढून ठेवा. ती जुनी असली तरी एक प्रत आहे, आणि ताजी डिस्क वाचताना दगा देऊ लागली तर तिचाच आधार. ताज्या एका डिस्कवर अ‍ॅरे उभा करा. डिस्क काढल्याने डिस्कच्या नावांतली अक्षरं (एसडीबी, एसडीसी) सरकू शकतात, म्हणून आधी एलएसबीएलके पुन्हा बघा.

एमडीअ‍ॅडम --स्टॉप /डेव्ह/एमडी१२७
एमडीअ‍ॅडम --असेंबल --रन /डेव्ह/एमडी० /डेव्ह/एसडीबी१

दोन्ही डिस्क समान असतील तर 'स्टॉप'नंतर '--असेंबल' ला एमडी० आणि दोन्ही पार्टिशनांची नावं द्या, '--रन' नको.

आता फाइल सिस्टीम. माउंट करण्याआधी 'ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/एमडी०' चालवा. 'एन' म्हणजे फक्त बघ, काही लिहू नकोस. जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) रिकव्हर करायचं राहिलंय असं तो म्हणेल आणि दोन-चार फुटकळ चुकाही दाखवेल. अचानक बंद पडलेल्या ईएक्सटी४ मध्ये हे नेहमीचं, माउंट होताना जर्नल आपोआप लागतो. पानभर चुका वाहू लागल्या तर मात्र थांबा आणि दुरुस्तीआधी डिस्कची पूर्ण प्रत काढा. माउंट केलेल्या फाइल सिस्टीमवर एफएससीके कधीच नाही. आधी 'माउंट -ओ आरओ' ने उघडा, टॅलीचा ताजा डेटा दुसरीकडे कॉपी करा, चार-पाच फाइली उघडून बघा. मगच पुढे.

डेटा कॉपी झाला की मशीन बंद करून गळलेली डिस्क परत जोडा आणि अ‍ॅरे वर दिल्याप्रमाणे पुन्हा उभा करा. मग त्या डिस्कची प्रकृती: 'स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीसी'. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळींतले आकडे शून्याच्या वर आणि वाढत असतील तर डिस्क बदला, त्यात घासाघीस नको. फक्त १९९ वाढलेला असेल, म्हणजे सीआरसी एरर, तर दोष बहुधा साटा केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या मशीनचे कनेक्टर दमट हवेने काळे पडतात. शंभरेक रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क भंगारात घालू नका. केबल बदला. १९९ चा जुना आकडा शून्य होत नाही, तो पुढे वाढतोय का एवढंच बघायचं.

डिस्क ठीक असेल तर परत घ्या: 'एमडीअ‍ॅडम /डेव्ह/एमडी० --री-अ‍ॅड /डेव्ह/एसडीसी१'. अ‍ॅरेला बिटमॅप (कुठले भाग बदलले याची नोंद) असेल तर बदललेले भागच भरले जातात, काम लवकर आटोपतं. नकार आला तर '--अ‍ॅड', म्हणजे पूर्ण कॉपी. ४ टीबीला सेकंदाला सरासरी १३० एमबी धरले तर साडेआठ तास. शनिवारी संध्याकाळी लावा.

आता मूळ चूक. कॉन्फिगमध्ये ओळ घाला:

एमडीअ‍ॅडम --डिटेल --स्कॅन >> /ईटीसी/एमडीअ‍ॅडम/एमडीअ‍ॅडम.कॉन्फ
अपडेट-इनिटरॅमएफएस -यू

पहिली आज्ञा 'सुडो -आय' ने रूट होऊनच चालवा, नुसता आधी सुडो लावून ती फाइलमध्ये लिहू शकत नाही. बाण दोन आहेत. एकच टाकलात तर सगळी फाइल पुसली जाईल. आधीची जुनी अ‍ॅरेची ओळ असेल तर काढून टाका. दुसरी आज्ञा विसरलात तर बूटच्या वेळी जुनीच प्रत वाचली जाईल आणि एमडी१२७ परत हजर.

एफएसटॅबमधल्या ओळीचा # काढा आणि नावाऐवजी यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा कायमचा ओळख क्रमांक) लिहा. 'बीएलकेआयडी /डेव्ह/एमडी०' जो दाखवेल तोच, एसडीबी१ चा नाही. रेडच्या सदस्याचा यूयूआयडी वेगळा असतो आणि तो चिकटवणं ही हमखास होणारी चूक. पर्यायांच्या जागी:

डीफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टीमडी.डिव्हाइस-टाइमआउट=६०एस

ही मुदत कमी करून १० सेकंदांवर आणायचा मोह होईल. पण एक डिस्क गायब असेल तर एमडीअ‍ॅडम तिची ३० सेकंद वाट बघून मगच एका डिस्कवर अ‍ॅरे सुरू करतो. १० सेकंद ठेवलेत तर चांगला अ‍ॅरे उभा राहायच्या आतच माउंटने हात टेकलेले असतील.

'नोफेल' बद्दल मात्र सावध. त्याने मशीन अडकत नाही हे खरं, पण अ‍ॅरे माउंट झाला नाही तर सांबा त्या जागेचं रिकामं फोल्डर शेअर करतो. सकाळी आलेल्या माणसाला शेअर रिकामा दिसतो, तो बॅकअपमधून फाइली टाकतो, त्या एसएसडीवर जातात, ती भरते आणि दुपारी दुसराच बिघाड सुरू. दोन उपाय, दोन्ही करा. अ‍ॅरे अनमाउंट असताना रिकाम्या फोल्डरवर 'सीएचअ‍ॅटर +आय /एसआरव्ही/डेटा' (तुमचा पाथ घाला). मग त्यात कोणालाच लिहिता येत नाही, माउंटला मात्र अडचण नाही. आणि 'सिस्टीमसीटीएल एडिट एसएमबीडी' करून 'युनिट' विभागात 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/एसआरव्ही/डेटा' घाला. प्रत्यक्ष टाइप करताना तो सलग एक शब्द आहे, आर, एम आणि एफ मोठे. डेटा नाही तर सांबाही नाही, आणि लोक फोन करतील. तेच हवंय.

मग 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय', 'सिस्टीमसीटीएल डीमन-रीलोड', 'माउंट -ए'. चूक न दाखवता गेलं तर मशीनजवळ असतानाच स्वतःहून एकदा रीबूट करा.

रीबूटनंतर 'डेट' बघा. तारीख मागच्या कुठल्या वर्षात गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. मग एफएससीके 'लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर' म्हणतो, एचटीटीपीएसची सर्टिफिकेटं फेटाळली जातात, आणि लोक भलतीकडेच शोधत बसतात. सेल ३ व्होल्टचा आहे, लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो.

राहिला यूपीएस. मुंबईत वीज जात नाही हा समज १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बसल्यावर जायला हवा होता, लोकलसुद्धा थांबल्या होत्या. शिवाय तुमच्या बाजूला हिंदमाता आहे. पाणी साचलं की खबरदारी म्हणून पुरवठा बंद ठेवला जातो आणि तो पाणी ओसरेपर्यंत येत नाही. तेवढा वेळ मशीन चालवेल असा यूपीएस घेण्यात अर्थ नाही. तो आपोआप नीट बंद करेल असा हवा, म्हणजे ज्याला यूएसबीचं डेटा पोर्ट आहे असा. (सर्व्हर जमिनीवर असेल तर आधी टेबलाच्या उंचीवर घ्या.)

'नट' (यूपीएसशी बोलणारा प्रोग्रॅम) हे पॅकेज टाका. 'नट-स्कॅनर -यू' (इथे यू मोठा) यूपीएस ओळखून ड्रायव्हर सुचवतो: मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच यूपीएसना 'यूएसबीएचआयडी-यूपीएस', स्वस्तातल्यांना बहुधा 'नटडीआरव्ही_क्यूएक्स'. नट.कॉन्फमध्ये 'मोड=स्टँडअलोन' ('मोड' मोठ्या अक्षरांत). मग 'यूपीएससी नाव@लोकलहोस्ट' चालवून स्टेटस बघा: 'ओएल' म्हणजे लाइनवर, 'ओबी' म्हणजे बॅटरीवर, 'एलबी' म्हणजे बॅटरी संपत आली. स्वस्त यूपीएस 'एलबी' फार उशिरा सांगतात किंवा सांगतच नाहीत. म्हणून त्यावर विसंबू नका. 'यूपीएसस्केड' (नटमधला टायमर लावणारा भाग) मध्ये 'ऑनबॅट' वर १८० सेकंदांचा टायमर लावा, वीज परतली की 'ऑनलाइन' वर तो रद्द, नाहीतर शटडाउन (ही दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत). आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कोंदट कपाटात दोन-तीन वर्षांत बसते. यूपीएसवरचा हिरवा दिवा याबद्दल काहीच सांगत नाही. दर सहा महिन्यांनी सगळ्यांनी फाइली बंद केल्यावर यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि मशीन स्वतःहून बंद होतं का ते घड्याळ लावून बघा. तीन मिनिटांच्या आत धाडकन बंद पडलं तर बॅटरी बदला.