‘डार्क साइड’ची पन्नाशी: बॉक्स सेट घ्यावा की वॉटर्सचा ‘रिडक्स’?

तुम्ही विचारलंय की पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ला ५० वर्षं झाली म्हणून निघालेला बॉक्स सेट घ्यावा, की बँडमधून कधीच बाहेर पडलेल्या रॉजर वॉटर्सने तोच अल्बम पुन्हा रेकॉर्ड करून काढलेला ‘रिडक्स’.

२०११ चा मोठा सेट घरात असेल तर २०२३ च्या बॉक्सवर पैसे घालू नका. १९७४ ची वेंब्लीची मैफल त्यात आधीच आहे. ॲटमॉस मिक्स, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येणारं, हवं असेल तर तसे स्पीकरही हवेत.

आता ‘रिडक्स’. यावरून माझं आणि दादाचं जुनं भांडण आहे.

डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत दादाने मित्राकडून भरून आणलेली टीडीकेची कॅसेट होती. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये गायिका क्लेअर टॉरीचा आवाज टिपेला पोचतो, नेमकी तिथेच टेप गुंतली. दादाने चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापला आणि सेलोटेप लावून जोड मारला. त्यामुळे आमच्या घरची टॉरी वर चढायची, टक्‌ आवाज व्हायचा आणि ती एकदम खाली यायची. कितीतरी वर्षं मी ते गाणं तसंच ऐकलं. दादा तबला शिकायचा. ‘मनी’ लागलं की मांडीवर रूपक धरायचा, सात मात्रा बरोब्बर बसायच्या. गिटार सुरू झाली की गाणं चारात जातं. तिथे हात थांबवून तो डोळे मिटून बसायचा. ती गिटार बँडच्या डेव्हिड गिल्मरची, दादाच्या दैवताची.

१८ फेब्रुवारी २००७ ला वॉटर्स बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर हा अख्खा अल्बम वाजवणार होता. मी दोन तिकिटं काढली. दादा म्हणाला, “गिल्मर नाही तर तो ऑर्केस्ट्रा झाला. मी नाही येणार.” दुसऱ्या तिकिटावर ऑफिसातली मैत्रीण आली. मैदानात ते गाणं लागलं, गाणारी वर चढली आणि माझे कान त्या टक्‌साठी थांबले. टक्‌ आलाच नाही. आवाज वरच राहिला. मी तिथेच रडले. शेजारी दादा हवा होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘रिडक्स’ आला तसा त्याचा फोन. “टॉरी काढली, गिटार काढली, म्हातारा नुसता बोलतोय.”

बोलतोय, खरंच. त्या अल्बमचे सगळे शब्द वॉटर्सचेच आहेत. वेळ हातातून निसटते हे त्याने लिहिलं तेव्हा तो तिशीच्याही आतला होता. ऐंशी पूर्ण करून महिन्याभरात तेच शब्द त्याने पुन्हा काढले, जाड झालेल्या आवाजात, सावकाश. टॉरीच्या जागी तो कवी डोनल्ड हॉलच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगतो. माझ्या मते पन्नाशी अशी करावी. तीच टेप २०, ३०, ५० वर्षांनी घासूनपुसून विकणं हा व्यापार झाला.

दादाच्या बाजूची एक गोष्ट मात्र मान्य करते. टॉरीला त्या गाण्याचे १९७३ मध्ये ३० पौंड मिळाले होते. सहगीतकार म्हणून नाव लागायला तिला कोर्टात जावं लागलं, २००५ मध्ये तडजोड झाली. तिचा आवाज गाळताना वॉटर्सने हे आठवायला हवं होतं. गिल्मरचं वाजवणंही शब्दांइतकंच त्या अल्बमचं आहे. आणि मूळ अल्बम तुम्ही नीट ऐकला नसेल तर ‘रिडक्स’ने सुरुवात अजिबात करू नका, काही हाती लागणार नाही. लोकलमध्येही ऐकू नका, रात्री ऐका.

दादाने तो ‘टाइम’पर्यंतच ऐकलाय. त्याच्यापुढे ‘ग्रेट गिग’ आहे. दादा, तेवढं ऐक आणि मग फोन कर.