वाचकांचे प्रश्न : पाणमांजराच्या वाटेवर पहिला कॅमेरा

प्रश्न : आमच्या मत्स्यतळ्यातले मासे पाणमांजरे खातात. यंदा सापळा लावून एकदोन पकडली आणि लांब नदीत सोडली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पकडणे, फास टाकणे आणि सापळा लावणे येते. प्राणी जिवंत सोडला म्हणून गुन्हा टळत नाही. शिवाय ही जनावरे कुटुंबाने राहतात. पकडलेले एकटे पडते आणि बाकीची तळ्यावर येतच राहतात.

खर्च कुंपणावर करा. जाळी जाड तारेची, छिद्र ५ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि उंची किमान सव्वा मीटर असावी. खालची कड जमिनीलगत बाहेरच्या बाजूला अर्धा मीटर वळवून मातीने झाका, कारण पाणमांजर वरून चढण्याआधी खालून उकरून पाहते. पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या पाइपांनाही जाळी हवी. बहुतेक ठिकाणी तीच राहून जाते. कुंपणात घरातल्या विजेचा प्रवाह मुळीच सोडू नका. त्याने माणसेही मरतात.

प्रश्न : आमच्या खाडीत हूद, म्हणजे पाणमांजरे, आहेत असे मच्छीमार सांगतात. मी दोन कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल होताच आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) घेतले आणि पाण्याच्या कडेला लावले. महिन्याभरात हलणाऱ्या गवताचेच शेकडो फोटो आले. पहिल्या हंगामात नेमके काय करावे?

उत्तर : चूक जागेची आहे. या कॅमेऱ्याचा सेन्सर हलणाऱ्या वस्तूच्या आणि मागच्या जागेच्या तापमानातला फरक टिपतो. पाण्यातून नुकत्याच निघालेल्या हुदाच्या दाट केसांचा बाहेरचा थर जवळपास पाण्याइतकाच थंड असतो, म्हणून ते समोरून गेले तरी कॅमेरा जागा होत नाही. उन्हाने तापलेले गवत वाऱ्याने हलले की मात्र लगेच होतो. म्हणून हूद जिथे बाहेर येऊन थांबते, अंग झटकते, वाळूत लोळते, तिथे कॅमेरा हवा. ती जागा म्हणजे त्यांची विष्ठेची जागा.

पहिले दोन आठवडे कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि ओहोटीला काठ पायी धुंडाळा. पाण्याजवळचे सपाट खडक, वाळूचे पट्टे, बांधांची टोके, दोन प्रवाह मिळतात तो कोपरा पाहा. विष्ठेत माशांचे खवले, काटे आणि खेकड्यांच्या कवचाचे तुकडे असतात आणि तिला माशांचा उग्र वास येतो. ओल्या चिखलात पाच बोटांचा ठसा आणि बोटांमधल्या पडद्याची खूण शोधा. कुत्र्याच्या ठशात चारच बोटे उमटतात. जुन्या विष्ठेवर ताजी पडलेली दिसली तर जागा वापरात आहे. एकच सुकलेली विष्ठा दिसली तर पुढे चला.

मग कॅमेरा विष्ठेच्या जागेपासून ३ ते ४ मीटरवर, जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटर उंचीवर लावा. तो वाटेला काटकोनात न ठेवता तिरका ठेवा, म्हणजे प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो. तोंड उत्तरेकडे असेल तर समोरचे ऊन लागत नाही. समोरचे गवत फक्त चौकटीपुरते कापा. फोटोपेक्षा २० ते ३० सेकंदांचा व्हिडिओ बरा, कारण पहिले हूद निसटले तरी मागची दिसतात. रात्री चमक न दिसणारा ९४० नॅनोमीटरचा दिवा घेतला तर प्राणी बिचकण्याची शक्यता कमी, पण त्याचा उजेड थोडा कमी पोहोचतो, म्हणून अंतर वाढवू नका.

खाडीत भरतीचा हिशेब आधी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी नेहमीच्या खुणेपेक्षा वर चढते आणि सर्वांत मोठी भरती त्यानंतर एकदोन दिवसांनी येऊ शकते. कांदळवनाच्या खोडावरची चिखलाची सर्वांत वरची रेषा बघा आणि कॅमेरा तिच्याही वर बांधा. त्यासाठी उंची वाढवावी लागली तर भिंग खाली झुकवा. आत सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) दोन पुड्या टाका. दर फेरीला रबरी कडेवरचे मीठ आणि वाळू पुसा, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि ओल आत शिरते. साध्या अल्कलाइन सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) हळूहळू घसरतो आणि रात्रीचे चित्र आधी काळवंडते. लिथियम सेल महाग असले तरी टिकतात.

घड्याळ २४ तासांच्या पद्धतीवर लावा आणि कॅमेऱ्यासमोर हात हलवून एक चाचणी घ्या. तारीख चुकली तर हूद केव्हा येते हा प्रश्न अनुत्तरित राहतो. त्यानंतर दर १२ ते १५ दिवसांनी एकदाच जा, विष्ठेवर पाय न देता. रोज डोकावण्याच्या मोहाने चांगल्या जागाही बिघडतात. पिल्ले साधारण हिवाळ्यात असतात, तेव्हा बिळाच्या तोंडाशी कॅमेरा लावू नका.

कांदळवन बहुतेक ठिकाणी वनजमिनीत मोडते. तिथे वन विभागाची आणि खासगी जागेत मालकाची लेखी परवानगी कॅमेरा बांधण्याआधीच घ्या. फोटोत माणसे आली तर ते पुसून टाका.

प्रश्न : आलेल्या चित्रांवरून आमच्याकडे किती हूद आहेत ते सांगता येईल का?

उत्तर : संख्या सांगता येत नाही. वाघाचे पट्टे असतात तशा ओळखखुणा हुदाच्या अंगावर नसतात. एका चौकटीत एकाच वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या लिहा. ‘किमान इतके’ एवढेच तिच्यावरून म्हणता येते. अर्ध्या तासाच्या आतली चित्रे एकच भेट धरा, म्हणजे एका कळपाची दहा वेळा मोजणी होत नाही. जाती मात्र ओळखता येतात. खाडीत आणि मोठ्या नदीत दिसते ते बहुधा गुळगुळीत केसांचे मोठे पाणमांजर, ७ ते ११ किलोंचे. सह्याद्रीतल्या डोंगरी ओढ्यांतले लहान नखांचे त्याहून बरेच लहान असते आणि त्याच्या विष्ठेत खेकड्याची कवचे जास्त सापडतात.

चित्रे लोकांना दाखवा, पण ठिकाण लपवा. फोटोच्या फाइलमध्ये स्थानाची नोंद राहिली असेल तर तीही काढून टाका. पाळण्यासाठी पिल्ले आणि विक्रीसाठी कातडी पळवणारे लोक अशीच माहिती शोधत असतात.